मंगळवारची भट्टी

१

भट्टीच्या खोलीत भिंतीला एक लांब खिळा होता. रोजचा एक गोल कागद त्या खिळ्याला टोचून ठेवायची पद्धत होती. भट्टी किती वाजता किती तापली, याची रेघ यंत्राची सुई त्या कागदावर आपणहून काढायची. मागच्या आठवड्यातल्या सोमवारचा कागद होता, बुधवारचाही होता. मंगळवारचा नव्हता.

आणि ती टाकी मंगळवारीच भट्टीत होती.

"चोराच्या मनात चांदणं असतं बाई," मालक म्हणाले. "एवढ्या कागदांतून नेमका तोच गेला. आता आणखी काय पुरावा हवा?"

ताईने गळ्यातलं भिंग उगाचच पदराने पुसलं. बावीस वर्षं तिने एका चाचणी-प्रयोगशाळेत सोललेली, फुगलेली, उडालेली कोटिंग्ज तपासली होती. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा नोकरी सोडली, भिंग काही सोडलं नाही. या कारखान्यात सगळे तिला भिंगबाई म्हणायचे, आणि इथे ती परकीही नव्हती. तिचा नवरा इथला मुकादम होता आणि धाकट्या बहिणीचा नवरा कोटिंग फवारणारा. त्याला तर लोक फवारेच म्हणायचे, जणू आडनावच ते. दोघी बहिणींचे नवरे एका छपराखाली, त्यामुळे इथली शिंकसुद्धा दोन्ही घरांत ऐकू जायची.

टाकी होती रसायनांच्या एका कारखान्याची, आम्ल साठवायची. पोलादाला आम्लाचा स्पर्श होऊ नये म्हणून आतून नॉन-स्टिकच्याच जातीतलं जाड कोटिंग द्यायचं होतं. ते दिलं, टाकी गेली, आणि सहाव्या दिवशी बुडाशी गळली. खाली एक फिटर बोल्ट आवळत होता. कमरेपासून खाली भाजला. तीन दिवस तो हॉस्पिटलात होता आणि डॉक्टर काही धड सांगत नव्हते.

मालकांचा अहवाल टेबलावर तयार होता. फवारेने चुकीची पावडर वापरली आणि ते झाकायला भट्टीचा कागद लपवला, एवढा सरळ मजकूर.

"पाचला पोलिसांचे साहेब येतायत," मालक म्हणाले. "तुमच्या शब्दाला मान आहे म्हणून तोवर थांबतो. त्यानंतर माझाही इलाज नाही."

घड्याळात साडेअकरा वाजले होते. ताई बाहेर आली तर धाकटी बाकावर बसलेली. तिने ताईचा हात असा धरला की बांगड्या रुतल्या.

"ताई, काहीतरी कर गं. ते सही करतो म्हणतायत. सगळं मीच केलं असं लिहून देतो म्हणतायत!"

२

फवारे कपडे बदलायच्या खोलीत बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. एरवी हा माणूस एवढा बोलका, की फवारणीचा मुखवटा हाच त्याच्या तोंडावरचा एकमेव इलाज, असं भट्टीवाले काका म्हणायचे.

"भाऊजी, चुकीची पावडर घेतलीत का?"

"घेतली असेल."

"असेल म्हणजे?"

"मला आठवतंय ते बरोबरच केल्याचं. पण त्या रात्री मला केवढा ताप चढला! म्हणजे सकाळपासूनच डोकं ठिकाणावर नसणार. डबे शेजारी शेजारी असतात, ताई. हात गेला असेल चुकीच्या डब्यात." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्या फिटरची बायको हॉस्पिटलच्या जिन्यात बसलेली पाहिली मी. जेवत नाहीये ती. कुणीतरी मला शिक्षा देऊन टाका म्हणजे सुटलो."

"शिक्षा देणारे पुष्कळ आहेत. मला फक्त मंगळवार सांगा. पहिल्यापासून."

त्याने सांगितला. सकाळी टाकीचा शेवटचा थर दिला आणि भट्टीत शेकला. अकराला काकांनी भट्टी बंद केली. बाराला दार उघडून त्याने आणि भट्टीवाल्या काकांनी टाकीवर आतून लांब दांड्याचा विजेचा ब्रश फिरवला. कोटिंगला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी त्या ब्रशाखाली ठिणगी उडते. एकही उडाली नाही. पास लिहून दोघांनी सह्या केल्या. टाकी बाहेर काढायची तर उचलायच्या साखळीची कडी तुटलेली, म्हणून ती भट्टीतच राहिली. मग त्याने पावाच्या बेकरीचे ट्रे फवारले, ओले तसे गाड्यावर रचून ठेवले आणि दोन वाजता तो गंज काढायच्या वाळूच्या माऱ्याच्या खोलीत गेला.

"पाचपर्यंत तिथेच?"

"हो. डोक्यावर ते मोठं शिरस्त्राण, त्याला बाहेरून नळीने हवा. आत इतका आवाज असतो की भूकंप झाला तरी कळायचं नाही. घरी गेलो तर हुडहुडी भरली. छाती आवळून आली."

"आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ताप पळाला," धाकटी दारातून म्हणाली. "औषध नाही की काही नाही. दाजींना पण त्याच संध्याकाळी होता ना? साथच आली होती तेव्हा."

ताईने मान हलवली. तिचं लक्ष फवारेच्या बोटांकडे होतं. त्यांत मालकांनी दिलेलं पेन होतं.

३

नॉन-स्टिक म्हटलं की लोकांना एक काळा तवा दिसतो. या घराण्यात खरं तर चार बहिणी आहेत, आणि स्वभावाला एकीचा दुसरीशी मेळ नाही.

थोरली पीटीएफई. चारशे अंशांच्या आसपास शेकावी लागते, मग अडीचशेपर्यंतचा ताव हसत सोसते. तिला काही म्हणजे काही चिकटत नाही, पण भिंगाखाली पाहिलं तर अंगभर बारीक छिद्रं. पावाच्या ट्रेला उत्तम, आम्लाच्या टाकीला मुळीच नाही. दुसरी एफईपी वितळून काचेसारखी गुळगुळीत बसते, पण अंगाने मऊ, नखानेही ओरखडा उठतो. तिसरी पीएफए, तिच्यात दोघींचे गुण उतरलेत. तिचा डबा मालक स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचे. आणि शेंडेफळ ईटीएफई. सगळ्यांत चिवट, जाड थर बसणारी, आदळआपट सोसणारी, आम्लाला दाद न देणारी. तिची खोड एकच, जास्त उष्णता तिला चालत नाही. तीनशेच्या आत-बाहेर शेकायची आणि तिथेच थांबायचं.

टाकीसाठी मागवली होती ही ईटीएफई. मालकांचं म्हणणं, फवारेने तिच्या जागी एफईपी मारली.

टाकीतून सोललेले तुकडे टेबलावर पडले होते. ताईने काठाजवळचा, फोड न आलेला एक निवडला. नख दाबून ओढलं, ओरखडा उठला नाही. पण नखाच्या साक्षीवर कुणाला सोडवता येत नाही. तिने कपाटातल्या जुन्या नमुन्यांतून चारही जातींचे पापुद्रे काढले, जाडी मोजून सारख्या जाडीच्या जागा शोधल्या आणि एकाच छिद्रयंत्राने सगळ्यांच्या सारख्या टिकल्या पाडल्या. मग त्या एकेक करून नाजूक काट्यावर ठेवल्या.

तीन बहिणी वजनाला जवळपास सारख्या भरल्या. चौथी त्यांच्याहून पाचव्या हिश्शाने हलकी. टाकीतली टिकली या चौथीच्या वजनाला तंतोतंत उतरली.

"ही ईटीएफईच आहे," ती मालकांना म्हणाली. "पावडर बरोबर होती."

धाकटीच्या तोंडून हुंदका फुटला. मालक मात्र तसेच बसून राहिले.

"मग गळली का?"

ताईने फोड आलेला तुकडा भिंगाखाली धरला. बुडबुडेच बुडबुडे, आणि कडेने तपकिरी झाक. असला तपकिरी रंग तिने नोकरीत दोन-तीनदाच पाहिला असेल, आणि दरवेळी कारण एकच निघालं होतं.

"जळालीय," ती म्हणाली. "बारा वाजता पास झालेली टाकी त्यानंतर कुणीतरी परत तापवलीय. तीनशेच्या कितीतरी वर."

"भट्टी फवारेलाही चालवता येते," मालक म्हणाले, आणि त्यांनी अहवालातली एक ओळ खोडून त्यावर दुसरी लिहायला घेतली.

४

भट्टीवाल्या काकांचा गाल अजून सुजलेलाच होता.

"मी अकराला भट्टी बंद केली," ते गालावर हात ठेवून म्हणाले, "आणि साडेबाराला दात काढायला गेलो. तीन तास त्या खुर्चीत होतो. मुळं वाकडी निघाली म्हणे. आमचं सगळंच वाकडं! सून सोबत होती, विचारा तिला."

"रात्री ताप आला?"

"दात दुखत होता, ताप कशाला येईल? सून दर तासाला बघत होती."

"बुधवारी बेकरीचे ट्रे कुणी शेकले?"

काका गोंधळले. "मी तर बुधवारी दहाला आलो. तेव्हा ट्रे गेलेले होते. मला वाटलं, फवारेने केले."

"भाऊजी बुधवारी आलेच नाहीत. अंथरुणात होते."

ताईने मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, ट्रे सकाळी आठला बेकरीत पोचले, बेकरीवाल्याचा फोनही आला होता छान झालेत म्हणून. ते कुणी शेकले याची चौकशी करायचं त्यांना कारणच पडलं नव्हतं. काम झालं की कोण विचारतो?

"म्हणजे दोनला ओले असलेले ट्रे सकाळी आठला तयार," ताई सावकाश म्हणाली. "पीटीएफईचे ट्रे. चारशेला शेकावे लागतात. आणि टाकी भट्टीतून निघालेली नव्हती."

काकांचा हात गालावरून खाली आला.

"कागद यासाठी गेला. त्यावर तीनशेची एक रेघ असणार आणि दुपारनंतर चारशेची दुसरी."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मालकांनी ऐकलं, नुसतं हो, हो म्हटलं, आणि फोन ठेवायचा विसरून हातातच धरून राहिले.

"फिटर गेला," ते म्हणाले.

बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. फवारे दारात आला होता, आणि भिंतीला धरून खाली बसला होता. तो रडला नाही. "द्या तो कागद," एवढंच म्हणाला. "आता वजनं-बिजनं पुरे झाली, ताई. माणूस गेला. मी करतो सही."

५

साडेतीन वाजले होते. ताई धाकटीला घेऊन भट्टीच्या मागे गेली, कारण समोर फवारेचा चेहरा बघवत नव्हता. तिथे भिंतीला लागून एक छोटा पंप होता. त्याची नळी वाळूच्या खोलीत गेली होती. ताई त्या पंपाकडे बघत राहिली.

"शिरस्त्राणाला हवा इथून जाते?"

"हो. का गं?"

ताईने धाकटीचे दोन्ही खांदे धरले. "अगं, त्यांना ताप आला तो साथीचा नव्हता. प्रयोगशाळेत आम्ही धुराचा ताप म्हणायचो. हे कोटिंग जळालं की त्याचा धूर छातीत जातो, चार-पाच तासांनी हुडहुडी भरते, श्वास कोंडतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपोआप उतरतं. भट्टीमागचा धूर या पंपाने ओढला आणि नळीने त्यांच्या डोक्यात भरला. म्हणजे धूर झाला तेव्हा ते शिरस्त्राण घालून वाळूच्या खोलीत होते. भट्टीपाशी नव्हतेच! त्यांचा ताप हाच त्यांचा साक्षीदार आहे."

धाकटीने दोन्ही हात तोंडावर दाबले. "मग केलं कुणी?"

"ज्याने भट्टीचं दार उघडलं त्याने तर धूर समोरासमोर घेतला असणार. त्यालाही त्याच संध्याकाळी तसाच ताप हवा. काकांना नव्हता. मालकांनी त्या संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या सभेत तासभर भाषण ठोकलंय, सगळं गाव कंटाळलं होतं. छाती आवळलेल्या माणसाला ते जमायचं नाही. हा ताप एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मग त्या संध्याकाळी आणखी कुणाला—"

"दाजींनाच तर होता," धाकटी सहज म्हणाली. "मघाशी म्हटलं ना मी."

म्हणाली आणि तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं.

"नाही, ताई," धाकटी घाईघाईने म्हणाली. "दाजी त्या दिवशी रसायनांच्या कारखान्यावर होते. नव्या टाक्यांची मापं घ्यायला. संध्याकाळपर्यंत होते, त्यांनीच सांगितलं."

मलाही त्यांनीच सांगितलं, ताईच्या मनात आलं. त्या संध्याकाळी सदऱ्याला घसा खवखवणारा वास होता. आम्लाच्या कारखान्यातला असेल म्हणून तिने तो वेगळा भिजत घातला. बावीस वर्षं ज्या वासावर पगार घेतला तो स्वतःच्या घरात तिला ओळखता आला नाही. ओळखायचा नव्हता, असंही असेल.

"ताई, दुसरं काहीतरी निघेल," धाकटी म्हणाली. "अजून तास आहे. दुसरं काहीतरी शोध ना गं."

ताईने फोन काढला आणि त्या कारखान्याच्या गेटवर लावला. पहारेकरी भला माणूस होता. त्याने वही काढली, पानं उलटली आणि वाचून दाखवलं.

"मुकादम ना? मंगळवार. आत साडेनऊ. बाहेर एक."

६

मुकादम साखळीला तेल देत होता. नवी कडी बसली होती, साखळी सुरळीत चालत होती.

"अहो, मंगळवारी तिकडून एकला निघालात तुम्ही."

त्याने वर पाहिलं. मग फडक्याने एकेक बोट पुसत बसला. बोटं संपली तरी पुसतच होता.

"मालकांचा फोन आला होता," शेवटी तो म्हणाला. "ट्रे सकाळी पोचलेच पाहिजेत म्हणून. इथे येऊन बघतो तर काका नाहीत, साखळी तुटलेली, टाकी भट्टीत. म्हटलं, ट्रे पातळ पत्र्याचे, वीस मिनिटांत शेकून निघतील. टाकी जाड पोलादाची, तिला तापायला तास लागतो. तिला पत्ता लागायच्या आत ट्रे बाहेर."

"टाकी गार होती का?"

त्याने फडक्याची घडी घातली.

"सकाळची गरमच होती," ताई म्हणाली. "अर्धी वाट ती आधीच चालून आली होती."

"तेवढं डोक्यात आलं नाही गं. तीस वर्षं भट्टी चालवतोय आणि तेवढंच आलं नाही. दार उघडलं तर धूर अंगावर आला."

"आत बघितलंत?"

"बघितलं. जरा तपकिरी वाटली. म्हटलं रंगच बदललाय. पासची सही होतीच आधीची."

"विजेचा ब्रश परत का नाही फिरवला?"

"फिरवला असता तर ठिणगी उडाली असती," मुकादम म्हणाला.

ताईला वाटलं, आपण हे वाक्य ऐकायला नको होतं. चूक माणसाच्या हातून होते. पण याला माहीत होतं.

"कागद?"

"जाळला. मी सांगणार होतो. रोज सांगणार होतो. दोनदा हॉस्पिटलच्या दारापर्यंत जाऊन आलो. वाटायचं, तो बरा झाला की सांगू."

"तो गेला. मघाशी."

मुकादम होता तिथेच जमिनीवर बसला. मग त्याने ताईच्या साडीचा काठ धरला. "कारण सापडलं नाही असं लिही. फवारे पण सुटेल, मी पण. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतात सगळे."

"कारण सापडलं नाही म्हटलं की मालकांचं तयार कारण उचललं जाईल. भाऊजी आत सहीला बसलेत. तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"आणि इथे तेल देत बसलात."

ताईने काठ सोडवून घेतला. गुडघे दुखत होते, तरी ती जिना चढून गेली.

पोलीस अधिकारी पाचच्या दहा मिनिटं आधीच आले होते. फवारेच्या पुढ्यात कागद होता आणि हातात पेन. ताईने ते पेन काढून घेतलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. टिकल्यांची वजनं, तपकिरी रंग, ओले ट्रे, पंप, गेटवरची वही. आवाज एकदाही कापला नाही, आणि तेच धाकटीला बघवत नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. फवारे आळीपाळीने दोघींकडे बघत होता. त्याला सुटल्याचा आनंद करावा की काय करावं ते कळेना.

अधिकारी लिहीत होते. मध्येच थांबले.

"गेटवरच्या वहीने माणूस तिथून निघाला एवढंच ठरतं. भट्टीपाशी होता हे ठरतं ते या तापावरून. तो कुणी पाहिला?"

"मी. दोन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. मी पहाटेपर्यंत उशाशी बसले होते."

"आपलं नातं?"

"त्यांची बायको."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, नवऱ्याविरुद्ध बोलायची तुमच्यावर कुणाची सक्ती नाही. तुम्ही हे सांगितलं नाहीत तर—"

"ठाऊक आहे. लिहा तुम्ही."

दारात पावलं वाजली. मुकादम येऊन उभा होता, हाताला तेल तसंच. त्याने फवारेकडे पाहायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"तीन लिहा, साहेब," तो म्हणाला. "पांघरुणं तीन होती. तिसरं तिने स्वतःच्या अंगावरचं काढून मला घातलं होतं."

अधिकाऱ्यांनी दोन खोडून तीन लिहिलं आणि कागद सहीसाठी ताईपुढे सरकवला.